पहिले ख्रिस्ती लोक विश्वासाबद्दल बोलायचे तरी कसे? माझं तर कंपनीच्या बसमध्येच फिसकटलं

वेर्णा_बी_शिफ्ट

नमस्कार. प्रश्न जरा लांब होणार आहे, वैतागू नका. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, घराणं पणजोबांपासून ख्रिस्ती, गेली सहा वर्षं गोव्यात. राहायला वास्कोत मांगूर हिलला, काम वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला, रविवारी मराठी उपासना. तर मध्यंतरी आमच्या मंडळीत वैयक्तिक सुवार्तेचं, म्हणजे एकेकाला गाठून विश्वासाबद्दल सांगायचं, ट्रेनिंग झालं, सहा शनिवार. बाहेरगावाहून एक भाऊ आले होते शिकवायला. एक कार्ड दिलं, त्यावर चार पायऱ्या आणि सुरुवात करायला एक प्रश्न, ‘आज रात्री मेलास तर कुठे जाशील?’ घरचा अभ्यास असा की आठवड्यात निदान एकाला हा प्रश्न विचारायचा आणि पुढच्या शनिवारी उभं राहून सांगायचं.

मी विचारला. कंपनीच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणारा एक दोस्त आहे, कुडाळचा, चार वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खातोय. त्याचे वडील तेव्हा हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होते आणि हे मला माहीत होतं. तरी विचारला, कार्डावर होता ना म्हणून. तो काही बोललाच नाही, खिडकीबाहेर बघत बसला, दाबोळी मागे पडल्यावर तर मलाच उतरून चालत जावंसं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या सीटवर. आणि खरी लाज याची वाटते की शनिवारी मी उभा राहिलो, ‘एकाला सांगितलं’ म्हणालो आणि टाळ्या पडल्या.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. पहिल्या तीनशे वर्षांत ना कार्ड होतं ना छापील पत्रक, सरकार विरोधात, पकडले गेले तर जीव जायचा, तरी माणसं विश्वासात आली. ती आली कशी, कोणी काय बोललं, कधी बोललं, असं कुठे लिहिलेलं आहे का? बायबलातलं प्रेषितांची कृत्ये मी वाचलंय, त्याच्या बाहेरचंही चालेल. आणि त्यातून माझ्यासारख्याने काय घ्यावं?

निवृत्त_मास्तर

पोरा, आधी हे ऐक, ही चूक करणारा तू पहिला नाहीस. जवळपास अठराशे वर्षांपूर्वी एकाने हीच केली आणि त्याच्या मित्राने ती लिहून ठेवली.

रोममध्ये मिनुकियुस फेलिक्स नावाचा वकील होता, ख्रिस्ती. द्राक्षांचा हंगाम म्हणून कोर्टाला सुट्टी, तर हा, त्याचा जुना मित्र ऑक्टाविउस, तोही ख्रिस्ती, आणि तिसरा सिसिलिउस, जो ख्रिस्ती नाही, असे तिघे ओस्तियाला समुद्रकाठी गेले. सकाळची वेळ. वाटेत सेरापिस देवाची मूर्ती दिसली, सिसिलिउसने सवयीने हाताचं चुंबन घेऊन नमस्कार केला. झालं, ऑक्टाविउसचं तोंड सुटलं. त्याला काही बोलला नाही, मिनुकियुसला म्हणाला की रात्रंदिवस सोबत राहणाऱ्या माणसाला तू असल्या अंधारात ठेवलंयस, शोभतं का तुला? आणि तो माणूस तिथेच उभा!

पुढे तिघे वाळूवरून चालत राहिले. एका ठिकाणी पोरं खापऱ्यांचे गुळगुळीत तुकडे पाण्यावरून टप्पे खात जातील असे फेकत होती, कोणाचा किती लांब जातो बघत होती. मिरामारला संध्याकाळी बघतोस तेच. या दोघांना मजा वाटत होती, सिसिलिउसचं मात्र तिकडे लक्षच नाही, तोंड पाडून बाजूला उभा. तेव्हा मिनुकियुस त्याला विचारतो की अरे काय झालं, तुझा नेहमीचा चेहरा कुठे गेला?

आता तू मला सांग, तुझा दोस्त मागच्या सीटवर गेला, तू त्याला विचारलंस का काय झालं म्हणून?

सिसिलिउस सरळ म्हणाला की ते बोलणं मला लागलं, आता होऊनच जाऊ दे काय ते. मग तिघे बंधाऱ्याच्या दगडांवर बसले, मिनुकियुस मध्ये. आणि पहिलं कोण बोलतो? सिसिलिउस. लांबलचक. ख्रिस्ती लोक अडाणी, लपूनछपून भेटतात, लहान मुलं खातात इथपर्यंत सगळं तो काढतो, आणि लिहिणारा ख्रिस्ती असूनही त्यातलं काही गाळत नाही की मवाळ करत नाही. नंतर ऑक्टाविउसची पाळी. शेवटी सिसिलिउस मानतो, पण म्हणतो की माझ्या काही शंका अजून बाकी आहेत, सूर्य मावळतीला आलाय, उद्या बोलू. आणि तिघे खुशीत परत जातात. मला तो ‘उद्या’ फार आवडतो. तुझ्या ट्रेनिंगमध्ये उद्याला जागा होती का रे?

दुसरा जस्टिन, ज्याला पुढे 165 च्या सुमाराला रोममध्ये मारलं. हा शोमरोनातला, आज जिथे नाब्लस आहे तिथला. तत्त्वज्ञान शिकायला दारोदार फिरला. स्टोइक पंथाच्या गुरूला देवाबद्दल काही सांगता येईना, दुसऱ्याने आधी फी मागितली, तिसरा म्हणाला आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये, शेवटी प्लेटोच्या माणसांत जरा रमला. एकदा समुद्राजवळ एकटा फिरत असताना एक म्हातारा थोडं अंतर ठेवून मागून येताना दिसला. जस्टिन वळून रोखून बघायला लागला. म्हाताऱ्याने सांगितलं, माझी घरची माणसं बाहेर गेलीत, ती कुठे दिसतात का बघतोय. मग इकडचं तिकडचं, आणि मग प्रश्नांवर प्रश्न. तू काय करतोस, तत्त्वज्ञान म्हणजे काय, आत्म्याबद्दल तुझे गुरू काय म्हणतात. जस्टिनचं ज्ञान जिथे संपलं तिथे म्हाताऱ्याने संदेष्ट्यांची पुस्तकं वाचायला सांगितलं, तुझ्यासाठी उजेडाची दारं उघडावीत म्हणून प्रार्थना कर म्हणाला आणि निघून गेला. जस्टिन लिहितो की तो मला परत कधी दिसला नाही. नाव नाही, गाव नाही. नंबरही घेतला नाही म्हातारबांनी!

आपल्या टिळकांचं आठवतं ना? नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एक अनोळखी युरोपियन भेटला, गप्पा कवितेवर, उतरताना त्याने नवा करार हातात दिला आणि म्हणाला दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. तो माणूस कोण हे आजतागायत धड कळलेलं नाही.

एक सांगून ठेवतो. हे सगळं शिकलेल्या पुरुषांनी मागाहून, बसून, नटवून लिहिलंय, समुद्रावर इतकं मुद्देसूद कोण बोलतं? जस्टिनच दुसऱ्या एका ठिकाणी वेगळं सांगतो, की ख्रिस्ती लोक मरणाला घाबरत नाहीत हे डोळ्यांनी बघून मी हललो. तेव्हा या गोष्टी अक्षरशः धरू नकोस. पण लिहिताना त्यांना कुठलं वागणं सांगण्यासारखं वाटलं ते तर दिसतंच की.

बांबोळीची_सिस्टर

मास्तर छान लिहिलंत, पण सगळे वकील आणि तत्त्वज्ञच आले हो त्यात. मी एक शिपाईगडी सांगते.

इजिप्तमधला पाखोम, साधारण 312 ची गोष्ट. विशीतला पोरगा, घरचे इजिप्तच्या देवांना मानणारे, त्याला जबरदस्तीने सैन्यात भरती केला आणि बोटीतून नेताना थीब्झला, म्हणजे आताच्या लक्सरला, रात्री सगळ्या नव्या पोरांना कोंडून ठेवलं, पळून जातील म्हणून. संध्याकाळी गावातले काही लोक खाणंपिणं घेऊन आले. हे कोण आणि आपल्याला का देतायत हे पाखोमला कळेना. त्याने दुसऱ्यांना विचारलं, तर उत्तर मिळालं की हे ख्रिस्ती आहेत, हे सगळ्यांचंच भलं करतात, परक्यांचं पण. बस. ज्यांनी अन्न आणलं ते एक शब्द बोलल्याचं कुठे नाही. त्या रात्री त्याने त्यांच्या देवाला प्रार्थना केली की यातून सुटलो तर मी पण लोकांची अशी सेवा करेन. सुटला, बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे मठात एकत्र राहण्याची जी पद्धत आहे ती त्याने घातली, हजारो लोक आले.

आता मुद्दा. मी नर्स आहे, वीस वर्षं झाली. मला पण आमच्या मंडळीतले म्हणतात की तुला किती चान्स असतो गं, माणूस मरणाच्या दारात असतो, तेव्हा तर ऐकेलच. मी सांगते, पेशंट उठून जाऊ शकत नाही. सलाइन लावलेलं आहे, लघवीची पिशवी आहे, पाणी पण माझ्याच हातून प्यायचंय. अशा माणसाला मी काही म्हटलं तर तो हो म्हणेल, कारण पुढची सुई मी टोचणार आहे. त्याला विश्वास म्हणायचं का? फिलिप्पाची गोष्ट बघा ना, प्रेषितांची कृत्ये आठवा अध्याय. तो इथिओपियाचा अधिकारी स्वतःच्या रथात, स्वतःचं पुस्तक वाचत, यशयाचा त्रेपन्नावा अध्याय. फिलिप्प धावत गेला खरा, पण रथात घुसला नाही. एवढंच विचारलं की वाचताय ते समजतंय का. मग त्या माणसाने त्याला वर येऊन बसायची विनंती केली. रथ त्याचा, घोडे त्याचे, नको असतं तर हाकलून पुढे गेला असता. तुझा दोस्त चालत्या बसमध्ये कुठे जाणार होता रे? आणि वडील अ‍ॅडमिट.

कोणी विचारलं तर मी सांगते, लपवत नाही. एका आजींनी डिस्चार्जच्या दिवशी, सामान भरून झाल्यावर, विचारलं की तू रात्री दोन वाजता माझ्याजवळ उभी राहून ओठ हलवत होतीस ते काय म्हणत होतीस? तेव्हा सांगितलं. त्या बऱ्या झाल्या होत्या आणि रिक्षा खाली उभी होती, म्हणून सांगू शकले.

घागर_आणि_दिवा

सगळ्यांचा मान ठेवून बोलतो, पण असंच असेल तर मग कोणीच काही बोलायला नको, गप्प डबे वाटत बसा. प्रेषित पौलाने रोमकरांना पत्रात काय लिहिलंय, घोषणा करणाऱ्यावाचून ते ऐकतील कसे? आणि फिलिप्पै गावातला तुरुंगाचा अधिकारी, एका रात्रीत घरादारासकट बाप्तिस्मा. तिथे कोणी चार वर्षं डबा खात बसलं नव्हतं. येशूचा शिष्य पेत्र, त्याने पन्नासाव्या दिवसाच्या सणाला उभं राहून सांगितलं, तीन हजार लोक विश्वासात आले. आमच्या ट्रेनिंगला पण हाच प्रश्न शिकवतात आणि त्यातून लोक आलेत, मी स्वतः बघितलंय. बसवाल्या भावाने चूक केली ती वेळेची, पद्धत चुकीची नाही. निराश होऊ नकोस भावा, बी पेरलं गेलंय.

निवृत्त_मास्तर

घागर भाऊ, बोलायचं नाही असं कोण म्हणतंय, ऑक्टाविउस तर बंधाऱ्यावर बसून तास दोन तास बोललाय. पण फिलिप्पैची गोष्ट तुम्ही काढलीच आहे तर परत उघडून बघा. सोळावा अध्याय. पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन, पाय खोड्यात, मध्यरात्री गाणी म्हणतायत. भूकंप, दारं उघडी. तुरुंगाधिकाऱ्याला वाटलं कैदी पळाले, आता वरचे मला सोडणार नाहीत, म्हणून तरवार उपसून जीव द्यायला निघाला. तेव्हा पौल ओरडला. पहिलं वाक्य काय? स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत! मेलास तर कुठे जाशील, हे विचारायला याच्याहून चांगला मोका होता का? कार्डवाल्याला तर सोन्यासारखा. पौलाने त्या घडीला त्याला मरू दिलं नाही. तारणाचा प्रश्न त्या माणसाने केला, काय करू म्हणून थरथरत त्यानेच विचारलं. आणि मग त्याने काय केलं बघा, त्यांच्या जखमा धुतल्या, जेवायला बसवलं.

शिवाय पौलाला सगळीकडे तीन हजार मिळाले नाहीत. अथेन्समध्ये इतकं विद्वत्तेचं भाषण केलं, काही हसले, काही म्हणाले परत कधी तरी ऐकू, हाती आले ते दियनुस्य, दामारी नावाची बाई आणि आणखी काही. पौल तिथून निघून गेला, कोणाच्या मागे लागला नाही.

आणि घाईचं म्हणाल तर पुढे मंडळीनेच ब्रेक लावलेला दिसतो. हिप्पोलितसच्या नावाने चालत आलेले जुने नियम आहेत, त्यात नवीन येणाऱ्याने तीन वर्षं शिकायचं, त्याला घेऊन येणाऱ्याने त्याच्यासाठी साक्ष द्यायची, आणि बाप्तिस्म्याच्या आधी काय विचारायचं? विधवांना मान दिला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का. मनापासून करणारा असेल तर वेळ मोजू नये असंही तिथेच आहे. टाळ्यांचं काही लिहिलेलं नाही, असो, हे जरा लागेल असं बोललो, माफ करा.

फोंडेकार

मी हिंदू आहे, इतिहास वाचायची आवड म्हणून धागा वाचत होतो, बोलू की नको करत होतो. सिस्टरबाईंचं वाचून बोलतो.

मित्रा, तू वेर्ण्यात काम करतोस ना? म्हार्दोळची म्हाळसा मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, मूर्ती नदीपलीकडे आमच्या फोंड्याच्या भागात आणली. मंगेशी कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. 1559 मध्ये अनाथ हिंदू पोरांना ख्रिस्ती करून वाढवायचा हुकूम निघाला, 1560 ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते मधली चार वर्षं सोडली तर 1812 पर्यंत. हे तू केलेलं नाहीस, तुझ्या नगरच्या पणजोबांचाही काही संबंध नाही, हे मला कळतं. पण तू तोंड उघडतोस तेव्हा समोरच्याच्या कानात ‘बाटवायला आला’ हा एक शब्द आधीच बसलेला असतो. तुम्ही लोक ज्या गोष्टी वर सांगताय त्या सगळ्या जवळजवळ 313 च्या, म्हणजे रोमन राज्याने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली त्याच्या, आधीच्या, म्हणजे सांगणाऱ्याच्या हातात काहीच सत्ता नव्हती. कैदी सांगतोय, पळून आलेला सांगतोय, अनोळखी म्हातारा सांगतोय. आमच्या आठवणीत जो सांगायला आला त्याच्या मागे व्हाइसरॉय उभा होता. गोष्ट तीच, ऐकणाऱ्याला ती कशी ऐकू येते ते वेगळं.

आणि त्या काळात पण तक्रार होतीच. केल्सस नावाचा ग्रीक लेखक, दुसऱ्या शतकातला, तो चिडून लिहितो की हे लोकर पिंजणारे, चांभार, धोबी लोक, घरचा मालक किंवा मास्तर समोर असला की तोंडातून शब्द काढत नाहीत, पण पोरं आणि बायका एकट्या सापडल्या की कानाशी लागतात, बापाचं ऐकू नका, आमच्या दुकानात या. ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने त्याला उत्तर लिहिलं म्हणून तर हे आज वाचायला मिळतं. केल्सस तुमचा शत्रू, मान्य, त्यात उच्चवर्गाचा माज पण भरपूर आहे, धोब्याने देवाबद्दल बोलायचं म्हणजे काय असा. पण ‘बापाच्या पाठीमागे’ हा जो भाग आहे ना, तो वाचताना मला एकदम आमच्या आजीचा आवाज ऐकू आला.

राहता राहिला तुझा प्रश्न, कार्डावरचा. अरे बाबा, आमच्या घरात तिन्हीसांजेला कोणी नुसतं ‘मरू दे’ म्हटलं तरी आई ओरडते, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून. त्याचा बाप खाटेवर आणि तू विचारतोस आज रात्री मेलास तर! त्याने तुला बसमधून खाली ढकलला नाही हेच खूप. त्याच्या कानाला तो प्रश्न म्हणून गेलाच नसेल, अपशकून म्हणून गेला असेल.

कायद्याचं पण एक सांगतो, धर्माचा प्रसार करायचा हक्क घटनेत कलम 25 मध्ये आहेच, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस केसमध्ये सांगितलंय. तुला घाबरवायला नाही सांगत, माहीत असावं म्हणून.

साश्टीकार

म्हजें मराठी मात्शें कच्चें, सांभाळून घ्या. मी कॅथलिक, मडगावचा.

फोंडेकार बाब, तुम्ही लिहिलंत ते आमच्यातले बरेच जण पण मान्य करतात, सगळे बोलून दाखवत नाहीत एवढंच. पण त्याच काळातला आणखी एक माणूस होता, पाद्री स्टीफन्स, इंग्लंडचा, 1579 ला गोव्यात आला आणि इथेच मेला. त्याने ख्रिस्तपुराण मराठी ओवीत लिहिलं, रायतूरला 1616 साली छापलं. बायबलची सगळी कथा ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. परका माणूस आधी लोकांची भाषा शिकतो, त्यांचं पुराण कसं गातात ते कान देऊन ऐकतो आणि मग तोंड उघडतो. त्याच्याही मागे व्हाइसरॉय होताच, ते पुसता येत नाही. पण कान त्याने दिला ना.

मला सांगायचं होतं ते जुन्या गोव्याचं. तिथे टेकडीवर सांव आगुस्तीनचा पडका मनोरा आहे, टुरिस्ट फोटो काढतात. त्याच टेकडीवर सांता मोनिकाचा मठ. आई आणि मुलगा. माझी आय दर वर्षी तिथे नेऊन सांगायची, बघ, ती अजून त्याच्यावर नजर ठेवून बसलीय.

आगुस्तीन तरुणपणी दुसऱ्याच पंथात गेला, आई रडायची. ती एका बिशपकडे गेली की माझ्या मुलाशी बोला, त्याला समजवा. तो बिशप आधी स्वतः त्याच पंथात वाढलेला, म्हणजे याच्याइतका लायक माणूस मिळाला नसता. त्याने सरळ नाही म्हटलं! म्हणाला, तो आत्ता शिकवून घ्यायच्या मनःस्थितीत नाही, नव्या पंथाची हवा डोक्यात आहे, त्याला राहू दे, वाचता वाचता त्यालाच चूक कळेल, तू प्रार्थना कर. ती ऐकेना, रडत रडत परत तेच. शेवटी तो वैतागून म्हणाला, जा बाई, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. मला तो बिशप फार आवडतो, वैतागलेला. त्यानंतर दहाएक वर्षं गेली. मिलानमध्ये बागेत त्याचं मन पालटलं तो प्रसंग 386 चा, तिथला बिशप अ‍ॅम्ब्रोझ, त्याच्या हातून बाप्तिस्मा 387 च्या ईस्टरला, तेव्हा आगुस्तीन तेहतिसाव्या वर्षी होता. अ‍ॅम्ब्रोझबद्दल तो काय लिहितो माहीत आहे? सुरुवातीला मला तो आवडला तो सत्य शिकवणारा म्हणून नाही, माझ्याशी चांगला वागला म्हणून. आणि मोनिका त्याच वर्षी गेली, कुठे, तर ओस्तियाला. मास्तरांची ती पोरं जिथे खापऱ्या फेकत होती तिथेच.

बांबोळीची_सिस्टर

साश्टीकार बाब, मोनिकाचं वाचून बरं वाटलं. पण एक टोचतं. टिळकांच्या गोष्टीत रेल्वेतला साहेब सगळे सांगतात, घरात लक्ष्मीबाईंचं काय झालं ते कमी सांगतात. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्याची बातमी आली तेव्हा बाई कोलमडल्या होत्या, वर्षानुवर्षं वेगळं राहणं झालं, 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या पायाने चालत येऊन. कोणाला तरी ‘मिळवलं’ म्हणताना त्याच्या घरात त्या रात्री चूल पेटली का, हे पण कोणीतरी विचारायला पाहिजे. आणि दमास्कसमधला हनन्या मला नेहमी आठवतो. शौल, म्हणजे पुढचा पौल, तेव्हा आपल्या लोकांना पकडायला आलेला माणूस, हनन्याला भीती वाटली, त्याने प्रभूला तसं सांगितलं पण, आणि तरी गेला, खांद्यावर म्हणा डोक्यावर म्हणा हात ठेवला, आणि पहिलं काय म्हणाला, शौल भाऊ. अजून त्याचा बाप्तिस्मा पण झाला नव्हता.

घागर_आणि_दिवा

मास्तर, लागलं थोडं, पण तुरुंगाधिकाऱ्याचं ते वाक्य मी इतक्या वेळा वाचूनही असं बघितलं नव्हतं. आमच्या ग्रुपमध्ये टाकतो. तरी सांगतो, वाट बघत बसण्याची पण एक आळशी पद्धत असते, तिला संयमाचं नाव देऊ नका. ऑक्टाविउस उद्धट होता मान्य, पण तो काहीच बोलला नसता तर सिसिलिउस आयुष्यभर मिनुकियुसबरोबर जेवत राहिला असता आणि हा विषय कधी निघालाच नसता.

निवृत्त_मास्तर

हे मात्र तुमचं बरोबर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वेर्णा_बी_शिफ्ट

तीन आठवड्यांनी येतोय, मधे चवथीची गडबड, अर्ध्या लोकांची रजा, डबल शिफ्ट पडली.

सगळ्यांचे आभार, फोंडेकार तुमचे विशेष, म्हाळसेचं मला खरंच माहीत नव्हतं, रोज त्याच रस्त्याने जातो.

मास्तरांचं वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. बराच वेळ दोघं गप्प. मग मी म्हटलं, बाबा कसे आहेत? म्हणाला घरी आणलंय, पथ्य आहे, मासे बंद म्हणून चिडतात. मी म्हटलं त्या दिवशी मी जे विचारलं ते विचारायला नको होतं. तो म्हणाला, विचारायचं ते विचार रे, पण त्या दिवशी तरी नको होतं. बस, एवढंच. आता परत शेजारी बसतो, पण आधीसारखं लगेच झालं नाही, दोन-तीन दिवस डबा त्याचा त्याने आणि माझा मीच खाल्ला.

शनिवारी मंडळीत उभं राहून खरं काय घडलं होतं ते सांगितलं. या वेळी टाळ्या नाही पडल्या. ट्रेनिंगवाले भाऊ म्हणाले आपण नंतर बोलू, अजून बोलणं झालेलं नाही.

चवथीला त्याच्या घरी कुडाळला गेलो होतो, माटोळी बांधायला हात लावला, नारळ वर चढवले. आरतीला मी मागे उभा राहिलो, कोणी काही म्हटलं नाही. त्याच्या बाबांनी विचारलं की तुमच्यात जेवायच्या आधी काय म्हणतात, तर मी म्हणून दाखवलं, आईकडून शिकलेलं दोन ओळींचं.

आणि काल बसमध्ये तो एकदम म्हणाला, तू त्या दिवशी खिशातलं कार्ड बघून विचारत होतास ना, मला दिसलं होतं. मला काय बोलावं सुचेना. म्हणाला, पुढे काय होतं त्यावर? मी म्हटलं चार पायऱ्या होत्या, पण ते कार्ड आता नाही माझ्याकडे. म्हणाला, कार्ड नको, पायऱ्या कसल्या ते सांग. मी सुरुवात करणार तोच वेर्णा आलं आणि पंचिंगला उशीर होत होता म्हणून दोघं पळालो.